कोपऱ्यातला लाल ठिपका आणि दुप्पट झुकाव

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात डिझाइन बघतो. फ्रेमच्या खांबांमध्ये ८०० किलोचा ब्लोअर-मोटर संच चार ‘एल’ ब्रॅकेटवर बसवायचा आहे. मोटर १४४० आरपीएमची, डायरेक्ट कपल्ड. ब्रॅकेट १० मिमी जाड, १०० मिमी रुंद ई२५० प्लेट (२५० मेगापास्कल स्ट्रेसला कायमचं वाकू लागणारं पोलाद) वाकवून केलेला. आडवा पाय वर आहे. उभा पाय १५० मिमी खाली येतो आणि चार एम१२ (८.८ ग्रेड) बोल्टनी खांबाला धरलेला आहे. भोकं १४ मिमीची, एका ओळीत दोन. वरची ओळ आडव्या पायाच्या मध्यरेषेपासून ४० मिमी खाली. लोड उभ्या पायाच्या मध्यरेषेपासून १५० मिमीवर येतो. ड्रॉइंगवर बेंडची आतली त्रिज्या १० आहे, पण मेश (मॉडेलचे ‘एलिमेंट’ नावाचे छोटे तुकडे पाडणारी जाळी) सोपी व्हावी म्हणून संगणकावरच्या फायनाइट एलिमेंट मॉडेलमध्ये कोपरा काटकोनी ठेवला. उभ्या पायाची पाठ पूर्ण फिक्स केली आणि टोकाला २००० न्यूटन दिले. आतल्या कोपऱ्यात ५ मिमी मेशला २१० मेगापास्कल स्ट्रेस आला, २.५ ला २९० आणि १.२५ ला ३९५. रिपोर्टमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी (धातू सोसेल तो स्ट्रेस भागिले येणारा स्ट्रेस) कुठल्या आकड्यावरून लिहू? शिवाय २०० किलो वजनं ठेवून एका ब्रॅकेटची टेस्ट केली, तर टोक २.५ मिमी खाली गेलं. मॉडेल १.३ म्हणतं. मेश आणखी बारीक केली तर जुळेल का, की सॉफ्टवेअर बदलावं? साहेब म्हणतात, आतून एक रिब (कोपऱ्यात आधाराची त्रिकोणी पट्टी) टाक आणि विषय संपव.

उत्तर : तिन्हींपैकी एकही आकडा रिपोर्टमध्ये लिहू नका. मेश बारीक करून झुकाव जुळणार नाही आणि सॉफ्टवेअर बदलूनही जुळणार नाही. तुमच्या मॉडेलमध्ये दोन वेगवेगळ्या चुका आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. रिबचं शेवटी बोलू, कारण तिथे तिसरी चूक व्हायच्या बेतात आहे.

आधी स्ट्रेस. तुमचे आकडे एकमेकांनी भागून बघा. २९० भागिले २१० म्हणजे १.३८, ३९५ भागिले २९० म्हणजे १.३६. मेश निम्मी केली की स्ट्रेस दर वेळी साधारण १.३७ पट. हा योगायोग नाही. अणकुचीदार आतल्या कोपऱ्यात स्ट्रेसचं गणिती उत्तर अनंत असतं. तो कोपऱ्याकडे जाताना कोणत्या वेगाने वाढतो हे संशोधक विल्यम्स यांनी १९५२ मध्ये मांडलं. ‘एल’च्या आतल्या कोपऱ्याभोवती २७० अंशांत धातू असतो, आणि त्या कोनासाठी स्ट्रेस अंतराच्या उणे ०.४५५ व्या घाताने वाढतो. अंतर निम्मं केलं की २ चा ०.४५५ वा घात, म्हणजे १.३७. तुमचं सॉफ्टवेअर अनंताच्या दिशेने इमानदारीने चाललं आहे. आणखी अर्धी मेश केलीत तर ५४० च्या आसपास येईल, त्यापुढे ७४०. कुठेही थांबलात तरी तो आकडा तुमच्या मेशचा असेल, ब्रॅकेटचा नसेल. म्हणूनच ‘५ मिमीला २१० येतात, २५० च्या खाली आहेत, पास’ हा युक्तिवाद सगळ्यात घातक. योग्य मेश निवडून हवा तो फॅक्टर काढता येतो.

खऱ्या ब्रॅकेटला तिथे १० मिमीची त्रिज्या आहे. ती मॉडेलमध्ये परत आणा. फिलेट (कोपऱ्याची गोलाई) काढून टाकायची सवय बाहेरच्या कडांसाठी ठीक आहे. ज्या आतल्या कोपऱ्यातून मोमेंट (वाकवणारा परिणाम, म्हणजे भार गुणिले अंतर) वळतो तिथे ती चालत नाही.

मॉडेल चालवण्याआधी एक कागद घ्या. मोमेंट २००० × १५० = ३,००,००० न्यूटन-मिमी. सपाट पट्टीचा सेक्शन मॉड्युलस रुंदी गुणिले जाडीचा वर्ग भागिले ६, म्हणजे १६६७ घन मिमी. साधा वाकण्याचा स्ट्रेस १८० मेगापास्कल. पण बेंडमध्ये पट्टी सरळ नसते. आतली त्रिज्या १०, बाहेरची २०, मधली १५. वक्र बीमच्या सूत्रात उदासीन अक्षाची (जिथे ताणही नाही आणि दाबही नाही त्या रेषेची) त्रिज्या म्हणजे जाडी भागिले बाहेर-आत त्रिज्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम : १० ÷ ०.६९३ = १४.४३. म्हणजे उदासीन अक्ष मधल्या रेषेपासून ०.५७३ मिमी आत सरकला. त्यावरून आतल्या पृष्ठावर सुमारे २३२ आणि बाहेरच्या पृष्ठावर सुमारे १४६ मेगापास्कल येतात. सॉलिड मॉडेलने बेंडमध्ये २३० च्या जवळपास उत्तर दिलं तर ते बरोबर चाललं आहे. शेल एलिमेंट (प्लेटला बिनजाडीचं पृष्ठ मानून जाडी फक्त आकड्यात घेणारे) वापरलेत तर १८० च दिसेल, कारण साधं शेल जाडीतला स्ट्रेस सरळ रेषेत बदलतो असं धरतं. त्रिज्या आणि जाडी सारखी असलेल्या बेंडला ते पुरत नाही. शेल वाईट नाही. मोठ्या फ्रेमसाठी तेच वापरा, फक्त अशा घट्ट बेंडचा स्ट्रेस त्याला विचारू नका.

हे करताना एक गोष्ट नक्की बघा. तुमचा आडवा पाय वर आहे, लोड खाली. म्हणजे ‘एल’ मिटतोय, उघडत नाही. आतला कोपरा दाबात आहे. फॉन मिझेस स्ट्रेस (सगळ्या दिशांचे स्ट्रेस मिळून काढलेला एक आकडा) नेहमी धन असतो, त्यामुळे रंगांच्या चित्रात ताण आणि दाब सारखेच लाल दिसतात. किमान आणि कमाल प्रिन्सिपल स्ट्रेसचे (म्हणजे दाबाचे आणि ताणाचे) प्लॉट वेगवेगळे काढा. आत उणे २३० आणि बाहेर अधिक १४६ दिसेल. तडा बहुतेक वेळा ताणाच्या बाजूने सुरू होतो. म्हणजे ज्या ठिपक्यावर तुमची सगळी चर्चा चालली आहे, तिथून हा ब्रॅकेट तुटण्याची शक्यता कमीच.

आता झुकाव. पाठ पूर्ण फिक्स केली की उभा पाय खांबाला डिंकाने चिकटवल्यासारखा होतो. मग फक्त आडवा पाय वाकतो. कँटिलिव्हरचं सूत्र : लोड गुणिले लांबीचा घन, भागिले ३ ई आय. ई म्हणजे यंग मॉड्युलस, २,००,००० मेगापास्कल; आय म्हणजे पट्टीच्या छेदाचा जडत्व-मोमेंट, ८३३३. मध्यरेषेपासून १५० धरले तर १.३५ मिमी, उभ्या पायाच्या पुढच्या पृष्ठापासून १४५ धरले तर १.२२. तुमचं मॉडेल १.३ म्हणतं. म्हणजे दिलेल्या गृहीतकांवर सॉफ्टवेअरने अचूक उत्तर दिलं आहे, एलिमेंटसुद्धा ठीक आहेत. चूक गृहीतकात आहे.

प्रत्यक्षात उभ्या पायाचा वरचा भाग खांबापासून सुटतो. टोक खाली जाताना बेंड पुढे ओढला जातो. वरच्या बोल्टच्या ओळीपासून आडव्या पायाच्या मध्यरेषेपर्यंतचे ४० मिमी मोकळे वाकतात आणि त्यांच्यावर पूर्ण ३,००,००० चा मोमेंट असतो. कोपऱ्याचा फिरण्याचा कोन म्हणजे मोमेंट गुणिले ४०, भागिले ई आय : ०.००७२ रेडियन. तो १५० मिमी दूर टोकाला १.०८ मिमी खाली नेतो. १.३५ अधिक १.०८ म्हणजे २.४३. तुमच्या डायल गेजने २.५ दाखवले. वॉशर प्लेटला घट्ट धरतं म्हणून मोकळी लांबी ४० ऐवजी वॉशरच्या वरच्या काठापासून, म्हणजे २८ मिमी धरली, तर एकूण २.१ येतो. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. उरलेला फरक दोन ओळींमधल्या भागाच्या वाकण्याचा, बोल्टच्या ताणण्याचा आणि बहुधा तुमच्या टेस्ट फिक्स्चरच्या फिरण्याचा.

जिथे पाठ पूर्ण फिक्स्ड धरली, तिथे त्या भागाचा स्ट्रेसही मॉडेलमधून पुसला गेला. तुमच्या चित्रात बोल्टभोवतीचा उभा पाय निळाशार दिसत असणार. हाताने काढा. वरच्या ओळीत १४ ची दोन भोकं, म्हणजे १०० पैकी ७२ मिमी धातू उरला. सेक्शन मॉड्युलस १२००. वरच्या ओळीपाशी मोमेंट अजून ३,००,००० च आहे. खांबाकडच्या पृष्ठावर २५० मेगापास्कल, तोही ताण. ई२५० ची यील्ड (जिथे धातू कायमचा वाकू लागतो) नेमकी तेवढीच. भोकाच्या काठावर त्याहून जास्त. वॉशरखालचं घर्षण काही भार उचलतं, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी येईल. पण फॅक्टर १ च्या आसपास आहे हे कळायला मॉडेलची गरज नाही. ब्रॅकेटची कमकुवत जागा इथे आहे, कोपऱ्यात नाही. टेस्टनंतर वजनं उतरवल्यावर गेज शून्यावर परतला होता का? ०.१-०.२ मिमी मागे राहिला असेल तर एक तर बोल्टजोड बसली, नाहीतर भोकांच्या ओळीत धातू यील्ड झाला. तोच ब्रॅकेट पुन्हा लोड करा. दुसऱ्यांदा शून्यावर परतला तर जवळपास हेच घडलं होतं.

मॉडेल पुन्हा कसं बांधायचं ते सांगतो. ब्रॅकेट आणि लोड रुंदीच्या मध्यावर सममित आहेत, म्हणून अर्धाच घ्या, ५० मिमी रुंदीचा. सममितीच्या पृष्ठाला फक्त लंब दिशेत अडवा आणि लोड १००० न्यूटन द्या (२००० तसेच ठेवण्याची चूक फार जण करतात). खांबाच्या जागी एक जाड ब्लॉक घ्या, त्याची मागची बाजू फिक्स करा. ब्रॅकेटची पाठ आणि ब्लॉक यांच्यात सुटू शकणारा काँटॅक्ट, घर्षण ०.१५. बोल्ट १२ मिमीचा सिलिंडर, २४ मिमी व्यासाचं वॉशर एकसंध त्यालाच जोडलेलं. वॉशर आणि प्लेटमध्येही काँटॅक्ट. पहिल्या स्टेपमध्ये फक्त बोल्टला प्रीलोड (आवळल्यावर बोल्टमध्ये बसणारा ताण), दुसऱ्यात बोल्टची लांबी लॉक करून लोड. एम१२ ८.८ ला प्रूफ लोडच्या (बोल्ट कायमचा न ताणता सोसतो त्या भाराच्या) ७५ टक्के म्हणजे सुमारे ३६ किलोन्यूटन. टॉर्क रेंचवर साधारण ८५ न्यूटन-मीटर. अर्थात शॉपमध्ये बोल्ट खरंच टॉर्क रेंचने आवळत असतील तरच हा आकडा मॉडेलमध्ये टाका. स्पॅनरला पाइप लावून आवळत असतील तर १८ किलोन्यूटननेही एकदा चालवा आणि किती फरक पडतो ते बघा.

काँटॅक्ट मॉडेल अनेकदा पहिल्याच इन्क्रिमेंटला (भाराच्या पहिल्या टप्प्याला) कोसळतं आणि सॉल्व्हर ‘झीरो पिव्हट’ किंवा ‘रिजिड बॉडी मोशन’ अशी कुरकुर करतो. कारण बहुतेक वेळा साधं असतं. सुरुवातीला दोन पृष्ठांत मायक्रॉनभर फट असते आणि ब्रॅकेटला धरणारं काहीच नसतं. सुरुवातीची फट शून्यावर जुळवण्याचा पर्याय चालू करा. प्रीलोडच्या स्टेपपुरता एखाद्या नोडला कमजोर स्प्रिंग लावा आणि दुसऱ्या स्टेपला ती काढा. ती काढायला विसरलात तर तिच्यात रिअॅक्शन (आधाराने दिलेला उलट भार) दिसेल, म्हणून शेवटी तपासा.

इतकी खटपट नको असेल तर दोन टोकांची मॉडेल चालवा. एकात पाठ पूर्ण फिक्स, दुसऱ्यात फक्त वॉशरखालची वर्तुळं फिक्स आणि पाठीला काहीच आधार नाही. खरा ब्रॅकेट या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो. दोन्ही उत्तरांत डिझाइन पास होत असेल तर काँटॅक्टचा घोळ घालायची गरजच नाही. अर्ध्या दिवसाचं काम वाचतं. आमच्या मते रिपोर्टला ही जोडी एका देखण्या आकड्यापेक्षा जास्त भरवसा देते.

एलिमेंटबद्दल थोडक्यात. टेट (चार त्रिकोणी बाजूंचे एलिमेंट) वापरत असाल तर दहा नोडचेच (नोड म्हणजे एलिमेंट जोडणारे बिंदू) घ्या, जाडीत निदान दोन थर. चार नोडच्या टेटमध्ये सगळीकडे एकच स्ट्रेन असतो, आणि वाकणाऱ्या पट्टीत तर वर ताण, खाली दाब. त्यामुळे एक थर असलेली पट्टी खोटी कडक होते आणि झुकाव फारच कमी दाखवते. तुमचा झुकाव हाताच्या हिशोबाशी जुळला, म्हणजे तुमचे दुसऱ्या ऑर्डरचेच आहेत. आठ नोडचे ब्रिक (विटेच्या आकाराचे एलिमेंट) असतील तर ‘इन्कम्पॅटिबल मोड’ (वाकणं नीट पकडणारा पर्याय) चालू आहे का बघा. फुकट मिळणाऱ्या कॅल्क्युलिक्स या सॉल्व्हरमध्ये ही नावं सी३डी१०, सी३डी८आय अशी असतात. दुसऱ्या सॉल्व्हरवर पडताळा घ्यायचा असेल तर पैसे न घालता तिथे घेता येतो. पण दोन्हीकडे चुकीचा फिक्स्ड सपोर्ट दिलात तर दोन्ही सॉफ्टवेअर एकमुखाने चुकतील.

मेश बेंडमध्ये आणि भोकांभोवती बारीक हवी, बाकी ५ मिमी चालेल. आतल्या वक्राची लांबी १५.७ मिमी आहे. आधी सहा एलिमेंट, मग बारा, मग चोवीस. दोन फेऱ्यांतला फरक ५ टक्क्यांच्या आत आला की थांबा. कोपरा काटकोनी होता तेव्हा हा फरक ३७ टक्क्यांवरून हलत नव्हता. त्रिज्या आल्यावर तो लगेच मावळेल. नोडवर सरासरी काढलेला आणि न काढलेला स्ट्रेस शेजारी ठेवून बघा. सॉल्व्हर स्ट्रेस एलिमेंटच्या आतल्या बिंदूंवर काढतो आणि नोडवर ताणून नेतो. शेजारच्या दोन एलिमेंटनी एकाच नोडला फार वेगळे आकडे दिले तर मेश तिथे अपुरी आहे, आणि सरासरीचं गुळगुळीत चित्र ते लपवतं. नॉर्वेतला स्लाइपनर ए हा काँक्रीटचा तेलमंच २३ ऑगस्ट १९९१ ला गँड्सफ्योर्डमध्ये बुडवून बघताना कोसळला, तेव्हा असंच काहीसं घडलं होतं. पायथ्याच्या काँक्रीटच्या तीन पोकळ पेशी जिथे मिळतात त्या भिंतींत मेश ढोबळ आणि वेडीवाकडी होती, आणि शिअर (कातरणारा स्ट्रेस) सुमारे ४७ टक्क्यांनी कमी दिसला. सळ्या त्या हिशोबाने टाकल्या. नंतर काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणाने ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असं सांगितलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरला फुटली होती. सॉफ्टवेअर नास्ट्रान होतं, म्हणजे काही साधंसुधं नव्हे.

रन संपल्यावर रंग बघण्याआधी तीन आकडे बघा. रिअॅक्शनची बेरीज अर्ध्या मॉडेलला १००० न्यूटन आली पाहिजे. ब्रॅकेटचं वजन साधारण २.४ किलो, म्हणजे अर्ध्या मॉडेलला १.२ दिसलं पाहिजे. मिमी-न्यूटन पद्धतीत घनता ७.८५ गुणिले १० चा उणे नववा घात, टन प्रति घन मिमी, आणि गुरुत्व ९८१० लागतं. ७८५० टाकलेत तर ब्रॅकेट डोंगराएवढा जड होईल. स्टॅटिकमध्ये सेल्फ वेट दिलं नसेल तर ही चूक दिसतच नाही, पण फ्रिक्वेन्सी काढताना सगळं कोलमडतं. तिसरा आकडा विकृत आकाराचा स्केल. सॉफ्टवेअर स्वतःहून ५० पट वगैरे फुगवून दाखवतं. एकदा एकपट करून बघा, उभा पाय खांबातून आरपार जात असेल तर काँटॅक्ट लागलाच नाही.

टेस्टही सुधारा. डायल गेजचा मॅग्नेटिक बेस जमिनीवर असेल तर खांबाचं फिरणंसुद्धा ब्रॅकेटच्या नावावर जमा होतं. बेस खांबाच्या प्लेटवर, वरच्या बोल्टजवळ लावा. दुसरा गेज बेंडच्या मागे, उभ्या पायाच्या माथ्यावर आडवा लावा. तो पुढे सरकला की फट उघडते आहे याचा पुरावाच मिळाला. आधी २० किलो ठेवून जोड बसू द्या आणि तिथे शून्य करा. मग ५०-५० किलोने वर जा आणि तसेच खाली या. आलेख सरळ असेल तर मॉडेलशी थेट तुलना करता येते. स्ट्रेन गेज लावायचा असेल तर कोपऱ्यात लावू नका, तिथे स्ट्रेन मिलिमीटरागणिक बदलतो आणि गेज त्याची सरासरी देतो. आडव्या पायाच्या वरच्या पृष्ठावर, उभ्या पायाच्या मध्यरेषेपासून ४० मिमीवर लावा. तिथून लोड ११० मिमी दूर आहे, म्हणून १३२ मेगापास्कल, म्हणजे ६६० मायक्रोस्ट्रेन. हे जुळलं तर लोड आणि जाडी बरोबर. झुकाव मात्र तरीही जुळत नसेल तर दोष आधाराच्या मॉडेलमध्ये आहे. प्लेटची जाडीही व्हर्नियरने मोजा. १० ची म्हणून आलेली प्लेट ९.७ भरली तर झुकाव जवळपास १० टक्के वाढतो, कारण जाडीचा घन येतो.

आता साहेबांची रिब. झुकावावरून उभ्या दिशेची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी (संच आपसूक ज्या ठेक्याने हलतो ती; मोटरचा ठेका तिच्याशी जुळला की थरथर वाढते) पटकन काढता येते : १५.७६ भागिले मिमीतल्या झुकावाचं वर्गमूळ. २.४३ मिमीला १०.१ हर्ट्झ. तुमच्या जुन्या मॉडेलच्या १.३ मिमीला १३.८. मोटर १४४० आरपीएम म्हणजे २४ हर्ट्झ. मशीन नैसर्गिक फ्रिक्वेन्सीच्या बरंच वर चालतं आहे, ते ठीक. आता उलट हिशोब करा. २४ हर्ट्झ किती झुकावाला येते? ०.४३ मिमीला. आतून रिब लावली की झुकाव घसरत घसरत नेमका या आकड्यापाशी थांबणं अगदी शक्य आहे. स्ट्रेसचा प्लॉट सुंदर निळा, रिपोर्टवर सही झालेली, आणि संच चालू करताच फ्रेम थरथरायला लागते. मग बोल्ट सैल पडतात आणि सगळे बोल्टला दोष देतात. रिबच लावायची असेल तर मोडल अॅनालिसिस (नैसर्गिक फ्रिक्वेन्सी काढणारा हिशोब) केल्याशिवाय नको, आणि त्यात खांबही घ्या, नुसता ब्रॅकेट नको. शिवाय आत रिब आली की वरच्या दोन बोल्टांना स्पॅनर फिरायला जागा उरते का, तेही कागदावर बघा.

आम्ही इथे प्लेट १२ मिमीची करू, बेंडची आतली त्रिज्या १२. भोकांच्या ओळीतला स्ट्रेस २५० वरून १७४ वर येतो, बेंडच्या आत २३२ वरून १६१ वर, झुकाव २.४३ वरून १.४१ वर. फ्रिक्वेन्सी १३.३ हर्ट्झ, म्हणजे २४ पासून तरीही बरीच लांब. वजन प्रति ब्रॅकेट अर्धा किलो वाढतं, वेल्डिंग शून्य. वरची भोकांची ओळ आडव्या पायाच्या मध्यरेषेपासून ३५ मिमीवर घेता आली तर आणखी थोडा झुकाव वाचेल. ती ३० मिमीपेक्षाही जवळ घेतलीत तर वॉशर बेंडच्या वक्रावर चढतं. एवढं मात्र ध्यानात असू द्या : पुढे मोटरला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावला तर १३.३ हर्ट्झ म्हणजे ८०० आरपीएम. त्या वेगावर मशीन सतत चालवू नका. ड्राइव्हमध्ये तेवढा पट्टा वगळायची सोय असते, ती वापरा.

चार पायांवर ८०० किलो म्हणजे प्रत्येकी २०० हे गृहीतकही एकदा तपासा. संचाचा गुरुत्वमध्य मध्यावर नसेल तर मोटरच्या बाजूच्या दोघांवर जास्त येईल. पाय एका पातळीत नसतील तर त्यात भर पडते. १२ मिमीच्या ब्रॅकेटचा कडकपणा सुमारे १४०० न्यूटन प्रति मिमी. एक ब्रॅकेट १ मिमी खाली बसला तर तिरक्या जोडीत प्रत्येकी साधारण ३५० न्यूटनची ओढाताण होते, म्हणजे १८ टक्के. शिम (पायाखाली घालायचा पातळ पत्रा) घालून पातळी अर्ध्या मिमीच्या आत आणा आणि मॉडेलला २००० ऐवजी २५०० न्यूटन द्या. भोकांच्या ओळीत मग हाताच्या हिशोबाने २१७ मेगापास्कल, फॅक्टर १.१५. हा आकडा सगळा भार प्लेट घेते असं धरून आहे. काँटॅक्ट मॉडेलमध्ये तो किती उतरतो बघा. फॅक्टर दीडच्या खाली राहिला तर ब्रॅकेटची रुंदी १२० करा, भोकं तीच ठेवा : सेक्शन मॉड्युलस २२०८, स्ट्रेस १७०, फॅक्टर १.४७. रुंदी वाढवल्याने कडकपणाही २० टक्के वाढतो आणि फ्रिक्वेन्सी साधारण १४.६ वर जाते, तीही २४ पासून सुरक्षित अंतरावर.

रिपोर्टमध्ये कोपऱ्याचं चित्र नंतर टाका. पहिल्या पानावर लोड, आधार कसा धरला, प्रीलोड किती, मेशच्या तीन फेऱ्यांचे आकडे, हाताचा हिशोब आणि टेस्टचा झुकाव एका तक्त्यात द्या. फॅक्टर ऑफ सेफ्टी तीन जागांचा वेगळा लिहा : बेंडच्या आत (दाब), बेंडच्या बाहेर (ताण), भोकांची वरची ओळ (ताण). वाकवताना धातूत राहिलेले स्ट्रेस मॉडेलमध्ये नाहीत हेही एका ओळीत लिहा.

शॉपच्या ड्रॉइंगवर एक टीप मात्र आत्ताच घाला. त्रिज्या जाडीएवढी असली की बेंडच्या बाहेरच्या पृष्ठावर धातू सुमारे ३३ टक्के ताणला जातो. ताणाची बाजूही नेमकी तीच. म्हणून बेंडची रेषा रोलिंगच्या दिशेला आडवी असावी हे ड्रॉइंगवर लिहा, आणि कापलेल्या कडांची बर्र (कापताना उरलेली धारदार कड) वाकवण्याआधी घासून काढायला सांगा. प्रेसब्रेकवरून (प्लेट वाकवायच्या मशीनवरून) उतरल्यावर बाहेरच्या कडेला केसाएवढ्या रेषा दिसल्या तर तो ब्रॅकेट टेस्टला पाठवू नका, भंगारात टाका.